पोटासाठी आलो, टिकलो कशाच्या बळावर?

दरवर्षी 12 मे रोजी रुग्णालयाच्या सभागृहात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीला हार घातला जातो, दिवे लावून शपथ म्हटली जाते आणि व्यासपीठावरील पाहुणे आम्हा परिचारिकांना सेवेच्या मूर्ती, ममतेच्या देवता म्हणून गौरवतात. त्या शब्दांमागील सद्भावाबद्दल मला शंका नाही. मात्र विदर्भातील एका जिल्हा सामान्य रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून रुजू होऊन आता परिसेविका म्हणून, म्हणजे सगळे म्हणतात तसे वॉर्डाची इनचार्ज सिस्टर म्हणून काम करताना मला असे ठामपणे वाटते की, या व्यवसायात आम्ही ज्या कारणांनी येतो ती वेगळी असतात आणि ज्या कारणांनी राहतो ती वेगळी असतात. या दोन्ही कारणांवर ‘सेवाभाव’ हा एकच शब्द पांघरला की आमच्या कामातील कौशल्य दिसेनासे होते, आणि कौशल्य दिसले नाही की त्याचा मोबदला देण्याची निकडही कोणाला वाटत नाही.

माझ्या वॉर्डात जीएनएमच्या, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी या परिचर्या अभ्यासक्रमाच्या, विद्यार्थिनी प्रात्यक्षिकासाठी येतात. ओळख झाली आणि त्यांची भीड थोडी चेपली की मी त्यांना हमखास विचारते, बाई, तू इकडे कशी आलीस? प्रवेशाच्या मुलाखतीत ‘मला रुग्णांची सेवा करायची आहे’ असे पाठ केलेले उत्तर देणाऱ्या या मुली मला मात्र खरे सांगतात. बारावीनंतर तीन वर्षांत हाताला काम लागते, म्हणून बापाने पाठवले. मावशी सिस्टर आहे, तिने स्वतःच्या पगारावर घर बांधले, ते पाहून यावेसे वाटले. नीटमध्ये गुण कमी पडले. आजी वर्षभर अंथरुणाला खिळून होती, तिचे सगळे मीच केले, तेव्हा घरच्यांच्याच तोंडून निघाले की हिला हे काम जमेल. लग्न लवकर उरकून टाकण्याचे चालले होते, कोर्सला लागल्यामुळे तीन वर्षे मिळाली. यांपैकी कोणतेही उत्तर मला हलके वाटत नाही. डॉक्टर होणाऱ्या मुलाने चांगल्या उत्पन्नाचा विचार केला तर त्याला आपण व्यवहारी म्हणतो. मग शेतमजुराच्या मुलीने नियमित पगाराचा विचार करून हा मार्ग धरला, तर तिच्याकडूनच त्यागाची अपेक्षा का ठेवावी?

महाराष्ट्रात हा व्यवसाय उभा राहिला तोही गरजेतूनच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्यासारख्या मिशनरी डॉक्टरांनी रुग्णालये काढली, तेव्हा परक्याचे मलमूत्र, रक्त, पू यांना हात लावणे हे विटाळाचे आणि रात्री घराबाहेर राहणे हे बदनामीचे काम मानले जात होते. त्यामुळे सुरुवातीला या प्रशिक्षणाला आल्या त्या बहुतांशी ख्रिस्ती मुली. पुढे रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले आणि ज्यांना माहेरी-सासरी कोणताच आधार उरलेला नव्हता अशा विधवा स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले. त्या काळी एखाद्या केशवपन झालेल्या बाईने रुग्णालयात परपुरुषाची जखम धुवायची आणि त्याचे वेतन घ्यायचे, हे पुण्यासारख्या गावात किती धाडसाचे होते, याची कल्पना आज येणार नाही. त्या स्त्रियांना अगोदर पोटाची चिंता होती. चांगल्या परिचारिका त्या नंतर झाल्या, आणि या क्रमात कमीपणा वाटावा असे मला काहीही दिसत नाही.

पहिले वर्ष बहुतेकींना जड जाते. उलटी, बेडपॅन, गँगरीनच्या पायाचा वास, हे सगळे अंगवळणी पडायला वेळ लागतो. पण मुली डगमगतात त्या बहुधा पहिल्या मृत्यूच्या वेळी. नातेवाईक बाहेर आक्रोश करीत असतात आणि पडद्याआड सिस्टरला नळ्या काढायच्या असतात, डोळे मिटायचे असतात, हनुवटीखालून पट्टी बांधायची असते, अंग पुसून नावाची चिठ्ठी लावायची असते, आणि हे सगळे उरकून लगेच शेजारच्या खाटेवरील माणसाला सहाची औषधे द्यायची असतात. मी नव्या मुलीला अशा वेळी एकटी ठेवत नाही. तिच्यासोबत उभी राहते आणि पुसताना पाणी कोमटच घ्यायला सांगते. पाणी कोमट का, हे सहसा कोणी विचारत नाही. ज्या मुली हे काम नीट, घाई न करता पार पाडतात, त्या पुढे टिकतात, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

टिकण्याचे पहिले खरे कारण मला असे दिसते की, कधीतरी एका क्षणी आपल्याला काय येते हे त्या मुलीला स्वतःला कळते. इथे एक प्रसंग सविस्तर सांगते. पावसाळ्यात आमच्याकडे सर्पदंशाचे रुग्ण सतत येतात. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर विषामुळे रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, म्हणून रुग्ण आल्याबरोबर स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन ते वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदाच तिरपी करून गाठ धरली आहे की नाही ते पाहायचे, ही साधी चाचणी वॉर्डातच केली जाते. एका रात्री एक मध्यमवयीन शेतकरी बाई पोटदुखी आणि उलट्या म्हणून दाखल झाली. अंगावर कुठेही दंशाची खूण नव्हती, साप कोणी पाहिलेला नव्हता आणि नातेवाईक शिळ्या भाजीला दोष देत होते. सलाईन लावून, उलटीचे इंजेक्शन देऊन तिला निरीक्षणाखाली ठेवले होते. नोकरीला लागून फार काळ न झालेली एक सिस्टर तिचा रक्तदाब घेत असताना तिच्या लक्षात आले की, बाई आपल्याशी बोलताना कपाळाला आठ्या घालून, भुवया वर ताणून पाहते आहे आणि तिचा आवाज नाकातून येऊ लागला आहे. पापण्या जड होऊ लागल्या की माणूस नकळत कपाळाच्या स्नायूंनी त्या उचलून धरतो. सिस्टरने तिला उशीवरून मान उचलायला सांगितले, ती उचलता येईना. एका श्वासात आकडे मोजायला सांगितले, तर मोजणी थोडक्यातच थांबली. ‘बाई, रात्री झोपल्या कुठे होत्या?’ असे विचारल्यावर उत्तर आले, ‘खालीच, जमिनीवर.’

मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते, दंश जवळजवळ दुखत नाही, खूण दिसेलच असे नसते आणि सुरुवात पुष्कळदा पोटदुखीने होते. तिच्या विषाने रक्ताच्या गोठण्यावर परिणाम होत नाही, त्यामुळे काचेच्या नळीतील रक्ताने व्यवस्थित गाठ धरलेली होती. तेवढ्यावर विसंबले असते तर सकाळपर्यंत त्या बाईचा श्वास बंद पडला असता. सिस्टरने डॉक्टरांना उठवले, प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाईनमध्ये मिसळून सुरू झाल्या, तरीही पहाटेच्या सुमारास श्वास अपुरा पडू लागला आणि घशात नळी घालावी लागली. व्हेंटिलेटर मोकळा होईपर्यंत सिस्टर, ब्रदर म्हणजे पुरुष परिचारक आणि वॉर्डातील मदतनीस मावशी आळीपाळीने अँबू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची पिशवी, दाबत बसल्या. सलग काही मिनिटे दाबल्यावर मनगट भरून येते आणि लय चुकते, म्हणून हात बदलत राहावे लागते. बाई वाचली आणि चालत घरी गेली. त्या सिस्टरच्या घरी तेव्हा तिने हे काम सोडावे म्हणून बोलणी चालू होती. तिने सोडले नाही. त्याविषयी तिने मला भाषण वगैरे काही दिले नाही. पुढच्या आठवड्याच्या ड्युटीसाठी नाव लिहायला आली, एवढेच.

डॉक्टर राउंड घेतात, निदान करतात, उपचार ठरवतात. ते ज्ञान मोठे आहेच. परंतु रुग्णाजवळ दिवसरात्र कोणी असेल तर ती परिचारिका. रात्री दहाला कसा दिसत होता आणि दोनला कसा दिसतो, हा फरक तिलाच कळतो. मशीनवर आकडा बदलण्याआधी चेहऱ्यावर काहीतरी बदललेले असते. हे पाहण्याची सवय वर्षानुवर्षांच्या कामाने लागते आणि एकदा ती नजर आली की, जिथे तिचा उपयोग नाही अशा दुसऱ्या कोणत्याही नोकरीत मन रमणे अवघड होते. माझ्या ओळखीच्या ज्या सिस्टर कार्यालयीन कामावर गेल्या, त्यांतील कित्येकजणी परत वॉर्ड मागून आल्या.

टिकण्याचे दुसरे कारण आहे सोबत. अरुणा शानबाग यांचे उदाहरण सगळ्यांना माहीत असते, पण त्याकडे मी थोड्या निराळ्या बाजूने पाहते. परळच्या केईएम रुग्णालयातील या तरुण परिचारिकेवर 27 नोव्हेंबर 1973 रोजी त्याच रुग्णालयात अत्याचार झाला, मेंदूला रक्तपुरवठा न मिळाल्याने ती कायमची अंथरुणाला खिळली आणि 18 मे 2015 रोजी तिचे निधन होईपर्यंत केईएमच्या परिचारिकांनी तिची काळजी घेतली. तिला मरण द्यावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा या परिचारिकांनी त्या मागणीला ठाम विरोध केला आणि मार्च 2011 मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. दयामरणाच्या प्रश्नावर वेगवेगळी मते असू शकतात, ती मी इथे काढत नाही. मला सांगायचे आहे ते बेडसोअरविषयी. अंथरुणावर पडून असलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवले नाही, तर माकडहाड, टाचा, नितंब यांवरील कातडी आधी लाल होते, मग फुटते आणि जखम हाडापर्यंत जाते. इतक्या वर्षांच्या अंथरुणात अरुणा यांना बेडसोअर होऊ दिले नाहीत, ही गोष्ट न्यायालयासमोरही आली होती. ज्यांनी स्वतः कधी रुग्ण वळवला आहे त्यांनाच कळेल की याचा अर्थ काय होतो: बेचाळीस वर्षे, दिवसा आणि रात्री, दिवाळीत आणि संपाच्या दिवसांतही, कोणीतरी ठरल्या वेळी त्या खाटेशी गेले होते.

शेवटच्या वर्षांत तिला आंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या अनेक मुलींचा 1973 मध्ये जन्मही झालेला नव्हता. त्यांनी अरुणा यांना सहकारी म्हणून कधी पाहिलेलेच नव्हते. त्यांना ती मिळाली ओव्हरमधून. ड्युटी संपवून जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला खाटेखाटेशी जाऊन प्रत्येक रुग्णाची हकिगत सांगते, त्याला आम्ही ओव्हर देणे म्हणतो. कोणाला काय चालू आहे, काय द्यायचे राहिले आहे, कोणाची लघवी कमी झाली आहे, कोण रात्री घाबरतो. निवृत्त होणाऱ्यांनी नव्या आलेल्यांना, त्यांनी पुढच्यांना, अशा रीतीने एक माणूस चार दशके हातोहात सांभाळला गेला. एकट्या व्यक्तीचा सेवाभाव एवढा काळ पुरणे शक्य नाही. तिथे शिस्त लागते आणि आपण नसताना दुसरी ते करील असा भरवसा लागतो. हा भरवसा आमच्या रोजच्या कामातही असतो. मुलाला ताप आला म्हणून एकीने दुसरीची नाईट करायची, सणाला घरी जाणाऱ्या मुलीसाठी वयस्कर सिस्टरने मॉर्निंग-इव्हिनिंग जोडून करायची, हे हिशेब कोणत्याही रजिस्टरमध्ये सापडत नाहीत. पण ज्या वॉर्डात ते चोख पाळले जातात, त्या वॉर्डातून मुली सहसा सोडून जात नाहीत.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी घुसले, तेव्हा तिथे ड्युटीवर असलेल्या अंजली कुलथे यांनी प्रसूती वॉर्डातील वीस गर्भवती स्त्रियांना एका लहानशा खोलीत हलवले आणि त्यांतील एकीला कळा सुरू झाल्यावर, गोळीबार चालू असताना, भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहात नेऊन पोहोचवले. पुढे त्यांनी कसाबला ओळखले आणि डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर हा अनुभव सांगितला. त्या धैर्याला माझा नमस्कार आहे. त्यांच्या हकिगतीत मला विशेष जवळचे वाटते ते हे की, अशा रात्रीही कोणत्या बाईचे दिवस भरत आले आहेत आणि कोणाला आधी न्यायला हवे, हे भान सुटलेले नव्हते. हे भान ऐनवेळी येत नाही. त्याची तयारी हजारो साध्या रात्रींत झालेली असते.

पैशाविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. कायम नोकरी असलेली सरकारी परिचारिका टिकते, यात पगाराचा मोठा वाटा आहे आणि ते सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही. माझ्या बरोबरीच्या सिस्टरांनी भावांची शिक्षणे केली, सासू-सासऱ्यांची आजारपणे काढली, मुलींना इंजिनिअर केले. दोघी-तिघींनी दारुड्या नवऱ्याचे घर सोडून स्वतःचे घर उभे केले. महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या नावावर जमा होणारी रक्कम बाईला मान ताठ ठेवायला शिकवते. ब्रदर म्हणून आलेल्या मुलांचेही तेच. त्यांना गावात ‘पुरुष असून नर्स?’ असे विचारले जाते, मात्र घर चालू लागले की तो प्रश्न हळूहळू विरतो.

खाजगी क्षेत्रातील चित्र याहून फार निराळे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 मधील आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने अशी शिफारस केली की, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान 20,000 रुपये मिळावेत आणि दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात राज्य शासनाच्या परिचारिकेइतका पगार मिळावा. तालुक्याच्या गावातील छोट्या नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या माझ्या माजी विद्यार्थिनी आजही या आकड्याच्या बऱ्याच खाली आहेत. तिथे सहा महिन्यांत, वर्षात मुली सोडून जातात आणि मालक म्हणतात, हल्लीच्या मुलींत सेवाभाव उरला नाही.

शासकीय रुग्णालयातही सगळे ठीक आहे असे नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका हवी. मी चाळीस रुग्णांवर एक सिस्टर अशा नाईट केल्या आहेत आणि आजही तशा ड्युट्या लावाव्या लागतात. रात्री आठ ते सकाळी आठ या बारा तासांत चाळीस रुग्ण म्हणजे एकेकाच्या वाट्याला अठरा मिनिटे, आणि त्यातच औषधे, इंजेक्शने, नोंदी, नवी दाखल होणारी केस आणि एखादा अत्यवस्थ रुग्ण. मग कुशीवर वळवणे राहून जाते. आपल्याला जे नीट करता येते ते वेळेअभावी करता आले नाही, ही रुखरुख घेऊन मुलगी सकाळी घरी जाते, आणि तसे महिनोन्‌महिने चालले की तिचे मन कामावरून उडते. कामाचा कंटाळा येऊन मुली सोडतात असे बाहेरून वाटते. माझ्या पाहण्यात मात्र बहुतेक जणी काम मनासारखे करता येत नाही म्हणून सोडतात. त्यात नातेवाईकांची शिवीगाळ आणि अंगावर धावून येणे. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचार रोखण्यासाठी महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे आणि तो परिचारिकांनाही लागू आहे. पण रात्री दोन वाजता वॉर्डाच्या दारात सुरक्षारक्षक असणे हे कायद्याच्या कलमापेक्षा अधिक उपयोगाचे असते. 2022 च्या मे महिन्यात राज्यातील परिचारिकांनी बाह्यस्रोतातून, म्हणजे कंत्राटदारामार्फत, भरतीच्या निर्णयाविरुद्ध संप केला, तेव्हा रुग्णांना वेठीस धरल्याची टीका झाली. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरील मुलगी ओव्हरची साखळी किती काळ सांभाळू शकेल, हा त्या संपामागील प्रश्न मात्र फारसा कोणी विचारात घेतला नाही.

आता मुली जर्मन शिकत आहेत. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केल्यापासून आमच्या विद्यार्थिनींच्या वसतिगृहातही भाषेच्या वर्गाची चर्चा असते. केरळच्या मुली कित्येक दशके आखातात, युरोपात जात आल्या, आणि मुंबई-पुण्याची रुग्णालयेही त्यांच्या बळावर चालली; आता आपल्या मुली निघाल्या, तर त्यांना अडवण्याचा अधिकार आपल्याला नाही. मी त्यांना शिफारसपत्रे आनंदाने लिहून देते. त्यांतील एकीने तिकडून कळवले की तिच्या वाट्याला थोडे रुग्ण असतात आणि प्रत्येकाला वेळेवर वळवता येते. पगाराचा आकडा तिने शेवटी लिहिला होता.

अलीकडे एक वडील आपल्या बारावी झालेल्या मुलीला घेऊन वॉर्डात भेटायला आले होते. हिला नर्सिंगला घालावे का, असे विचारत होते. मी त्यांना तीन गोष्टी तपासायला सांगितल्या. एक, ते विद्यालय महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का. दोन, त्यांचे स्वतःचे किंवा संलग्न रुग्णालय खरोखर चालू आहे का, तिथे रुग्ण असतात का, कारण रिकाम्या खाटांवर परिचर्या शिकता येत नाही. आणि तीन, तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना भेटून विचारा की वॉर्डात त्यांच्याबरोबर शिकवायला कोणी उभे राहते की मनुष्यबळ कमी म्हणून त्यांनाच सिस्टरच्या जागी जुंपतात. मुलगी गप्प बसून ऐकत होती. निघताना तिने मला विचारले, पहिल्यांदा इंजेक्शन देताना हात थरथरतो का? थरथरतो, असे मी तिला सांगितले, आणि तिचे वडील बाहेर थांबले तेवढ्या वेळात तिला हात धुण्याच्या पायऱ्या करून दाखवल्या.